माझ्या मित्राचा म्हातारा

माणसाला मत्सर कोणाचा वाटावा याला काही सुमार असतो. शेजाऱ्याचा वाटतो, भावकीतल्या माणसाचा वाटतो, आपल्यामागून नोकरीला लागून आपल्याआधी साहेब झालेल्याचा तर वाटतोच. मला मात्र वाटला म्युनिक शहरातल्या एका निवृत्त बेकरीवाल्याचा. त्याचं वय एक्क्याऐंशी. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. त्याने माझं काही घेतलं नाही, असं सगळे म्हणतात. तरी तीन वर्षं मी अमरावतीत बसून त्याच्या नावाने जळत होतो, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरता विझलेलो नाही.

हा बेकरीवाला माझ्या मित्राच्या तोंडून माझ्या घरात शिरला. मित्र आणि मी अकोल्याला शेतकी कॉलेजच्या होस्टेलमध्ये चार वर्षं एका खोलीत राहिलो. नंतर मी कापसाच्या बियाण्यात गेलो आणि सगळी नोकरी अकोल्यात काढली. तो सातूचा अभ्यास करायला जर्मनीला गेला. सातूपासून बिअर होते, बिअरवर ते आख्खं राज्य उभं आहे, त्यामुळे सातू ओळखणाऱ्या माणसाला तिथे लगेच काम मिळालं. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस तिथेच राहिला. लग्नापुरता आला, बायकोला घेऊन गेला. दर दोन वर्षांनी हिवाळ्यात यायचा, अकोल्याला उतरायचा आणि आधी माझ्याकडे यायचा, मग स्वतःच्या घरी. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. मुलगी तिसऱ्याच देशात. तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "नोकरी संपली का येतो बे. तुया बाजूचा प्लॉट राखून ठेव." मी तेव्हा निवृत्त होऊन अमरावतीला घर बांधलं होतं. शेजारची जागा त्याच्या नावावर करवून घेतली. दोन घरांच्या मधे भिंतच घालायची नाही, असं मी ठरवूनही टाकलं. एका अंगणात दोन खुर्च्या, सकाळचा पेपर, आणि उरलेलं आयुष्य. माझी मागणी यापेक्षा मोठी नव्हती.

त्याची नोकरी संपली. पहिल्या वर्षी तो आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. विचारलं की "येतो ना बे" म्हणायचा, आणि मग त्याच्या ऐवजी फोनवरून यायचा म्हातारा. आमचा म्हातारा असं म्हणतो, आमच्या म्हाताऱ्याने तसं केलं, काल आम्ही बिअर हॉलमध्ये बसलो होतो तर म्हातारा काय बोलला माहीत आहे का! दर रविवारी सकाळी हे दोघं एका जुन्या बिअर हॉलमध्ये एका ठरलेल्या टेबलावर बसतात, हे मला कळलं. अजून तिघं-चौघं असतात, पण बोलण्यात म्हाताराच. मी "हो का, वा" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर बायकोवर चिडायचो.

ती एकदा म्हणाली, "तुमाले सवत आली जी. दुसरं काई नाई."

तेव्हापासून आमच्या घरात त्या बेकरीवाल्याचं नाव 'सवत' पडलं. ती गमतीने म्हणायची. मला ते झोंबायचं, कारण ते बरोबर होतं.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात मी ठरवलं की आपण स्वतः जायचं आणि त्याला घेऊनच यायचं. नुसतं भेटायला नाही, परत आणायला. मुलाने तिकीट काढून दिलं. बायकोने विचारलं, "त्याच्यासाटी काय नेता?" मी म्हणालो, रोडगे.

रोडगा वऱ्हाडाबाहेर कमी लोकांना माहीत. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचा, आत तेल लावून घड्या घातलेला गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. वरून दगडासारखा, आतून पापुद्रे सुटलेला. राख झटकायची, फोडायचा, चुरायचा, वर वरण ओतायचं आणि सोबत वांग्याची भाजी. रोडगा फोडणं ही एक परीक्षाच असते. कोणी दोन्ही तळव्यांत दाबतं, कोणी पाटावर ठेवून बुक्की मारतं. माझा मित्र एका मुठीत फोडायचा. निखाऱ्यातून काढलेला गरम रोडगा उजव्या हातात घ्यायचा, मूठ आवळायची, आणि कडाक असा आवाज यायचा. नांदगाव खंडेश्वरला आमच्या शेतात होस्टेलची पोरं रोडग्यांना यायची तेव्हा सगळी पंगत त्याच्यापुढे ताटल्या धरायची. मी त्याच्या शेजारी बसलेला असायचो, जणू ती मूठ माझीच आहे.

बायकोने शेतात जाऊन वीस रोडगे भाजले, एकेक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला. "सवतीवानी नखरे करू नका, नीट बोला त्या बुढ्यासंगं," एवढं सांगून तिने मला गाडीत बसवलं.

विमानतळावर तो घ्यायला आला होता. बारीक झालेला. एक हात जाकिटाच्या खिशात घालून उभा, मोठ्या साहेबासारखा. मी मिठी मारली तर त्याने एकाच हाताने मारली. मला राग आला. जर्मन लोक असेच असतात म्हणे, अंगाला अंग लावत नाहीत. याला पण ती हवा लागली असं मी धरून चाललो. घरी गेलो तर सगळं चकाचक. पायात लेस नसलेले बूट, अंगात बटण नसलेले गळ्यातून घालायचे शर्ट, स्वयंपाकघरात चिरलेल्या भाज्यांची गोठवलेली पाकिटं. वांगंसुद्धा चिरलेलं. मी म्हणालो, "साहेब झाला तू पक्का. आता वांगंही चिरत नाही!" तो हसला. "हो बे, आळशी झालो," म्हणाला. मी ते मान्य केलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं. मला म्हातारा पाहायचा होता.

पहिला रविवार पावसाचा निघाला, म्हणून आम्ही आत हॉलमध्ये बसलो. आत शिरल्यावर मी दारातच थांबलो, हे कबूल करतो. कमानींचं उंच छत, त्यावर वेलबुट्टी, धुरकट पिवळा उजेड, आणि लांबच लांब लाकडी टेबलं. बाकावर अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखी, फक्त इथे कोणी उठायची घाई करत नव्हतं. एक बाई दोन्ही हातांत मिळून दहा-बारा काचेचे मग घेऊन चालत होती. एकेक मग लिटरचा. कोपऱ्यात पितळी वाद्यांचा ताफा वाजत होता.

एका भिंतीशी लोखंडी जाळीचं कपाट होतं. त्यात मातीचे, झाकणाचे मग ओळीने ठेवलेले आणि प्रत्येकाच्या कप्प्याला कुलूप. मित्र म्हणाला, "हे रोजच्या गिऱ्हाइकांचे. बाहेरच्याले नाई भेटत. बाप मेला का पोराले जाते, नाईतर कोणी जागा सोडली तर दुसऱ्याले." मग त्याने डाव्या हाताने खिशातून एक लहानशी किल्ली काढली आणि त्यातलं एक कुलूप उघडलं. त्याला थोडा वेळ लागला. आतला मातीचा मग बाहेर काढला. त्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं.

"कोणाची जागा भेटली तुले?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याच्या भावाची."

तिकडे अमरावतीत मी याच्यासाठी जागा राखून बसलो होतो, आणि इथे कोणीतरी याला कुलपासकट जागा देऊन मोकळं झालं होतं.

आमचं टेबल दाराजवळ होतं. वर लोखंडी पाटी टांगलेली. तिचा अर्थ असा की हे टेबल ठरलेल्या लोकांचं, दुसऱ्याने बसू नये. मी पाटी न बघता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो, मित्राच्या शेजारी, जिथे मी जन्मभर बसत आलो तिथे. टेबलावरचे दोघं माझ्याकडे बघायला लागले. मित्र खालच्या आवाजात म्हणाला, "तिकडं सरक थोडा. ते म्हाताऱ्याची जागा हाय." मी सरकलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

आणि मग तो आला. उंच, ताठ, हिरवट लोकरीचं जाकीट, डोक्यावर पीस खोवलेली टोपी. हात मात्र भलतेच मोठे, पन्नास वर्षं कणीक मळलेले. माझा हात हातात घेऊन त्याने काहीतरी लांबलचक म्हटलं. मित्राने त्याचं मराठी केलं: "म्हणते, तुयाबद्दल लय आयकलं." मी मनात म्हटलं, मी पण तुमच्याबद्दल कमी नाही ऐकलेलं.

जेवणाचं सांगायचं तर त्या हॉलमध्ये सकाळी पांढरे सॉसेज खातात. गरम पाण्याच्या भांड्यातून येतात, साल काढून मोहरीच्या गोड चटणीला लावून खायचे, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत. पूर्वी बर्फ नव्हता, सकाळी केलेलं दुपारपर्यंत संपवावं लागे, तो नियम बर्फ आला तरी टिकला. मी विचारलं कशाचे आहेत. मित्र म्हणाला, "इचारू नको." मी समजलो आणि ताटली सरकवली. पण बाकीचं मी खाल्लं. मिठाचे खडे लावलेला वळणावळणाचा पाव, ज्याला ते ब्रेझ म्हणतात. लोणी, कांदा आणि तिखट घालून कालवलेलं चीज. बटाट्याचा गोळा रश्शात, आमच्याकडच्या गोळाभातातल्या गोळ्याचा थोरला भाऊ. कोणी शेजारी डुकराची तंगडी भाजून घेतली होती, तिच्या कातडीचा कुरकुर आवाज अख्ख्या टेबलाला ऐकू येत होता. खाणं चांगलं होतं. चांगलं होतं याचंही मला वाईट वाटलं.

मग मुळा आला. पांढरा, दंडाएवढा. म्हाताऱ्याने चाकू घेतला आणि तो मुळा न तोडता फिरवत फिरवत असा कापला की त्याची एक लांब चकली झाली, हार्मोनियमच्या भात्यासारखी उघडणारी. वर मीठ टाकलं. जरा थांबला. मुळ्याला पाणी सुटलं. तिकडे म्हणतात, मुळा रडू द्यायचा, मग खायचा. तो रडलेला मुळा त्याने उचलला आणि माझ्या मित्राच्या ताटलीत ठेवला. नंतर मित्राचा बटाट्याचा गोळाही काट्याने फोडून दिला. पावाचे तुकडे करून दिले. सगळं बोलता बोलता, न बघता.

मी बघत होतो. हा काय तान्हा आहे का? माझा मित्र, जो एका मुठीत रोडगा फोडायचा, तो समोर ताटली धरून बसला होता आणि दुसरा माणूस त्याला घास करून देत होता. आणि त्याला आवडत होतं! आमच्या पंगतीत कोणी त्याच्या ताटाला हात लावला असता तर त्याने हात मुरगळला असता. मी तेव्हाच ठरवलं, की रोडगे पुढच्या रविवारी काढायचे. या म्हाताऱ्याच्या समोर.

आठवडाभर मित्र मला शहर दाखवत होता. मी रोज परत येण्याची गोष्ट काढायचो, तो रोज बिअरची. चालता चालता त्याने मला त्यांच्या बागांचा इतिहास सांगितला. पूर्वी उन्हाळ्यात बिअर गाळायला तिथे बंदी होती. भट्टीमुळे गावात आगी लागत आणि उन्हाने बिअर नासत असे. म्हणून थंडीतच गाळून नदीच्या काठाला खोल तळघरं खणून त्यात साठवायचे. वरून ऊन लागू नये म्हणून तळघरांवर चेस्टनटची झाडं लावली, कारण त्यांची पानं रुंद आणि मुळं उथळ, तळघराला धक्का न लावणारी. उन्हाळ्यात लोक बघायला लागले, की इथे सावली आहे आणि पायाखाली थंडगार बिअर आहे. झाडांखाली बाकं आली. मग गावातल्या खाणावळवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमची गिऱ्हाइकं झाडाखाली पळवली म्हणून ते राजाकडे गेले. राजाने मधला मार्ग काढला: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पाव विकावा, बाकी जेवण विकायचं नाही. लोकांनी काय केलं? घरून डबा आणायला लागले. आता तिथे सगळं शिजतं, विकतं, तरी डबा आणायचा हक्क लोकांनी सोडलेला नाही.

मित्र ही गोष्ट रंगवून सांगत होता, आणि माझी सगळी सहानुभूती त्या खाणावळवाल्यांना जात होती. वर्षानुवर्षं माणसाची वाट पाहत चूल पेटवून बसायचं, आणि त्याने कुठल्यातरी झाडाखाली जाऊन बसायचं. मी असतो तर राजाकडे दोनदा गेलो असतो.

दुसऱ्या रविवारी कडक ऊन पडलं आणि टेबल मागच्या बागेत गेलं. मी पहाटेच उठून वरण केलं होतं, गोठवलेल्या वांग्यांची जमेल तशी भाजी केली होती, रोडगे ओव्हनमध्ये गरम केले होते. मित्र म्हणाला, "कायले एवढं?" मी म्हणालो, "इथं डबा चालते ना? तूच सांगतलं."

बागेत दोन तऱ्हेची टेबलं होती. काहींवर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, बाकीची उघडी. मी कापड घातलेल्या टेबलावर डबा मांडला. घरचं अन्न आहे, पाहुण्याला देणार, उघड्या लाकडावर कसं मांडायचं? मांडून होतं न होतं तोच ती मगवाली बाई धावत आली आणि हातवारे करायला लागली. कापडाचं टेबल म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघराचं, डबेवाल्यांनी उघड्या टेबलावर बसायचं. मी सगळं उचललं. म्हातारा हसला. वरणाचा डबा त्याने धरला आणि उघड्या टेबलावर नेऊन ठेवला. माझा डबाही त्यालाच न्यावा लागला.

मग त्याने एक रोडगा उचलला, कानाशी नेला आणि बोटाच्या पेराने खालून ठोकला. टक टक. मान हलवली. बेकरीवाले पाव भाजला की नाही ते असंच पाहतात, असं मित्राने सांगितलं. माझी आई पण रोडगा असाच ठोकून पाहायची. एवढ्या लांबच्या माणसाने माझ्या आईसारखं करावं आणि ते बरोबर करावं, याने मी अजूनच पेटलो.

मी त्याच्या हातातून तो रोडगा घेतला आणि मित्रासमोर ठेवला. "फोड," मी म्हणालो.

"राहू दे ना बे. तूच फोड."

"तू फोड. एका मुठीत. दाखव यायले."

"आता नाई होत."

"काहून? म्हाताऱ्यासमोर लाजते का? का त्याच्या हातानंच खाची सवय लागली तुले?"

हे मी बोललो. चारचौघांत बोललो. बाकीच्यांना भाषा कळली नाही, पण आवाज कळला असावा, कारण सगळ्यांनी हातातले मग खाली ठेवले. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला.

तो हात गप्प बसत नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, सारखे, थांबल्याशिवाय. मी आयुष्यभर तसंच करत आलो होतो. कापसाचा धागा किती लांब आहे ते पाहायला त्याचा पुंजका असाच दोन बोटांत चोळतात. फक्त याच्या बोटांत काही नव्हतं. त्याने तो हात उचलून रोडग्यावर ठेवला, मूठ वळली, मूठ थरथरली, आणि रोडगा निसटून टेबलावरून खाली खडीत गेला.

म्हाताऱ्याने आपला मोठा पंजा मित्राच्या हातावर ठेवला, सहज, टोपी ठेवावी तसा. तो हात थांबला. मग वाकून दुसऱ्या हाताने म्हाताऱ्याने रोडगा उचलला, फुंकला, आणि मोडक्या इंग्रजीत मला म्हणाला की रविवारी मी कापतो, बाकीचे दिवस तो एकटाच असतो.

मला सगळं उमगायला वेळ लागला नाही. लेस नसलेले बूट. बटण नसलेले शर्ट. चिरलेलं वांगं. एका हाताची मिठी. मी आठ दिवस त्याच्या घरात राहिलो होतो आणि प्रत्येक गोष्टीवर चिडलो होतो.

"कंपवात हाय," मित्र म्हणाला. "दोन वर्षं झाले."

आणि आता मी जे लिहितो ते लिहायला मला लाज वाटते, पण न लिहिलं तर हे सगळं खोटं होईल. त्या क्षणी माझ्या मनात आधी आजार आला नाही. आधी आलं ते असं: याला माहीत होतं आणि मला नव्हतं.

"त्याले सांगतलं तू," मी म्हणालो. "मले नाई सांगतलं."

"मी नाई सांगतलं त्याले. त्यानंच मले सांगतलं. त्याच्या भावाले होतं. माया हातातून मीठ सांडून राह्यलं होतं, ते पाह्यलं त्यानं. म्हणे डॉक्टरकडं जाय. मले तं मालूमच नोतं."

दर रविवारी शेजारी बसणाऱ्या माणसाला दिसतं ते अमरावतीहून कसं दिसणार? तरी मी हट्टाने म्हणालो, "चाल घरी. मी हावो ना. तुयी वयनी हाय. डॉक्टर तिकडं बी हायेत. मी फोडून देईन रोडगा, मी कापून देईन सारं."

म्हाताऱ्याला शब्द कळले नसावेत, पण तो एकदम पुढे झुकला. मला इंग्रजीत विचारलं, याला न्यायला आलात का? विचारताना त्याने मित्राच्या हातावरचा पंजा काढला नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते तोंड ओळखीचं वाटलं. तीन वर्षं फोन ठेवल्यावर माझं व्हायचं तेच. म्हाताराही माझ्यावर जळत होता, बहुतेक माझ्याइतक्याच वर्षांपासून.

मित्राने त्याला त्याच्या भाषेत दोन शब्द सांगितले. म्हातारा मागे टेकला. मग मित्र माझ्याकडे वळला.

"मी नाई येत," तो म्हणाला.

"काहून?"

"त्यानं मले असाच पाह्यला, बे. त्याले मी असाच माहीत हाय. तुले मी तो मुठीवाला पाहिजे. तू बोलणार नाई, लय करशीन माया, मले माहीत हाय. पण रोज पाह्यशीन, अन् रोज मले पयल्यासंगं मोजशीन. तुयासमोर मले रोज कमी व्हा लागन. ते मले नाई होत."

मी म्हणालो, मी असं करणार नाही. पण थोड्याच वेळापूर्वी मी नेमकं तेच केलं होतं, आणि रोडग्याची राख अजून माझ्या बोटांना होती. तो रोडगा मी चुरला. वरण ओतलं. तिघांनी खाल्लं. म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं. मीही वाढलं, काय करणार.

परत आलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "नाई आले?" मी मान हलवली. "सवत कशी हाय?" मी म्हणालो, चांगली आहे. ती चहा ठेवायला गेली.

आता दर रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला व्हिडिओ लागतो, तिकडची सकाळ असते. टेबल दिसतं, बिअरचे मग दिसतात, मित्र दिसतो. फोन म्हातारा धरतो. मित्राच्या हातात तो राहत नाही, म्हणून त्यालाच धरावा लागतो. चित्र इतकं स्थिर असतं की भिंतीवर टांगल्यासारखं. कोपऱ्यात त्याचा जाडजूड अंगठा दिसतो. माझ्या मित्राशी बोलायचं तर मला त्या अंगठ्याच्या परवानगीने बोलावं लागतं. मी हसून बोलतो, म्हाताऱ्याची चौकशीही करतो, आणि फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडे बघून पदरात हसते.

गेल्या बुधवारी भर दुपारी फोन वाजला. बुधवारी तो कधी करत नाही. उचलला तर काही समजेना. छत दिसलं, मग खिडकी, मग एक कान, मग पुन्हा छत. चित्र नुसतं थरथरत होतं. मधेच त्याचा चेहरा यायचा आणि जायचा.

"एकटाच हावो," तो म्हणाला. "मीच धरला. लय हालते का?"

"नाई बे," मी म्हणालो. "चांगला दिसून राह्यला."

पंधरा मिनिटं आम्ही बोललो. पावसाचं, कपाशीचं, त्याच्या गोळ्यांचं. माझे डोळे दुखायला लागले होते, पण मी नजर काढली नाही. म्हातारा त्याच्या शेजारी बसतो, त्याला फोन लावायची मित्राला कधी गरजच पडत नाही. असं हलतं चित्र जगात फक्त मला येतं, हे माझ्या मनात आलं, आणि मला फार बरं वाटलं.